लोकप्रिय विमान आणि वेल्डरचा हात

"वामनभाऊ, हे रिव्हेट काढावे लागतील."

"किती, बाई?"

"या बाजूचे सगळे."

शेडमध्ये टेबलावर विमानाच्या शेपटीचा आडवा भाग होता. चार जणांचं तीन महिन्यांचं काम. वामनभाऊंनी चष्मा काढला आणि ते तो उगीचच पुसत बसले.

मी आयुष्यभर हँगरमध्ये विमानं दुरुस्त केली. रिटायर होऊन चंद्रपूरला परतले. लहानपण माजरीच्या खाण कॉलनीत गेलेलं. त्यामुळे माजरीहून चौघे जण "विमान बनवून राह्यलो, तपासून द्या" म्हणत आले, तेव्हा नाही म्हणवेना. चौघेही खाणीतून निवृत्त. वामनभाऊ वर्कशॉपमधले वेल्डर. त्यांनी जोडलेला सांधा पुन्हा तुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

घरी बांधायच्या विमानाचा किट मोठ्या लाकडी पेट्यांतून येतो. सुटे भाग आणि एक जाडजूड पुस्तक. जोडायचं आपण. यातही आवडीनिवडी असतात. सगळ्यात जास्त मागणी पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या, खाली पंख असलेल्या, वेगवान दोन सीटरला. वर पंख असलेलं, थोड्या जागेत उतरणारं विमान शेतकरी मंडळींना आवडतं. लाकडाचं बांधणारे थोडे आणि हट्टी. आणि एक जुन्या वळणाचं असतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा वेल्ड करायचा, वर कापड ताणायचं.

या चौघांनी पहिलं घेतलं होतं. "सारी दुनिया तेच बनवते, बाई!" कारण वाईट नव्हतं. जे विमान पुष्कळांनी बांधलं, त्यातल्या चुका आधीच कोणीतरी करून ठेवलेल्या असतात. अडलं की विचारायला माणूस सापडतो.

पण त्यात हजारो रिव्हेट असतात. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारी छोटी खीळ. एकाने समोरून ठोकणारी गन चालवायची, दुसऱ्याने मागून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. गन जरा कलली की पत्र्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो. तिथून पुढे चीर जाऊ शकते. वामनभाऊंच्या पत्र्यावर अशा चंद्रकोरींची रांग होती.

बाकीचे तिघे एकेक करून निघून गेले. वामनभाऊ बसून राहिले.

"आमचं गाव भामरागडकडचं," ते म्हणाले. "पावसाळ्यात रस्ता तुटे. चार चार दिवस कोणी येत नाई, कोणी जात नाई. एकदा वरून विमान गेलं. बाप म्हणे, त्याले नदी आडवी येत नाई. तेव्हापासून डोक्यात आहे."

"मग खरं सांगा, तुमच्या मनात कोणतं विमान होतं?"

त्यांनी ड्रॉवरमधून घडी घातलेला कागद काढला. नळ्यांच्या सांगाड्याचं चित्र. घड्यांवर कागद फाटत आला होता.

"मग हेच काऊन नाही घेतलं?"

"तिघं एकीकडे, मी एकटा. काय बोलू?"

त्यांच्या पत्नी, कमलबाई, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाणीतून येत तेव्हा काळे होऊन येत, पण गाणं म्हणत येत. या शेडातून मुके येतात."

मी दुसऱ्या दिवशी चौघांना समोरासमोर बसवलं.

"हे असंच चाललं तर मी तपासणीच्या कागदावर सही करणार नाही," मी सांगितलं.

"मग पेट्या परत भरायच्या का?" एकाने विचारलं.

"तुमच्यात इतका चांगला वेल्डर आहे. त्याला तुम्ही वेल्डिंग नसलेलं विमान दिलंय."

मग तोच माणूस म्हणाला, "वामन, तू बोलला काऊन नाई रे?"

लोकप्रिय किटचा एक फायदा तेव्हा कळला. तो लगेच खपतो. पुण्याच्या एका गृहस्थांकडे नळ्यांचा किट न उघडता पडून होता. त्यांना वेल्डिंगची भीती वाटायची. अदलाबदल झाली. बिघडलेली शेपटी आम्ही पाठवली नाही. तिच्या जागी नवे भाग मागवून दिले.

पुढची दोन वर्षं मी दर महिन्याला माजरीला जात होते. खरं तर इतक्या वेळा जायची गरज नव्हती. लहानपणी शाळेत जाताना वर्कशॉपच्या दारातून निळा उजेड दिसायचा. बाबा म्हणायचे, तिकडे पाहू नको, डोळे जातील. मी बोटांच्या फटीतून पाहायचेच. वामनभाऊंच्या शेडमध्ये काळी काच धरून तोच उजेड मी हक्काने पाहिला. कॉलनीतलं आमचं क्वार्टर कधीच पाडलं गेलंय. बाबाही नाहीत. वेल्डिंगचा तो वास मात्र तसाच आहे.

सांगाड्याचा प्रत्येक सांधा भिंगाखाली तपासला. एकही पुन्हा जोडायला लावला नाही. कापड कमलबाई आणि तिघा मित्रांनी मिळून ताणलं. परवानगीच्या कागदांना विमानापेक्षा थोडाच कमी वेळ लागला.

पहिलं उड्डाण चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर झालं. नियमाप्रमाणे आत एकटा पायलट. विमान उठलं, वळलं, पंधरा मिनिटांनी उतरलं. वामनभाऊ पळत गेले, पण पायलटकडे नाही. वाकून चाकाजवळचे सांधे हाताने चाचपू लागले. चाचपता चाचपता काहीतरी गुणगुणत होते.

आता मला फोन येतात. कोणता किट सगळ्यात जास्त चालतो, मॅडम? मी खरं ते सांगते. मग विचारते, आजवर तुमचा हात कोणत्या कामावर बसलाय? बरेच जण इथे फोन ठेवतात. न ठेवणाऱ्यांची विमानं पूर्ण होतात.