बीम बंद केल्यावर

दर्शना परब लालबागच्या चाळीत लहानाची मोठी झाली ती भीतभीतच. त्याला कारण तिची आई, मालनबाई. घराबाहेर पडताना त्या गॅस बंद करायच्या आणि पोरीला शेगडीपाशी उभं करून म्हणायच्या, "आता वास घे. बंद केल्यावरही येत असेल तर गळती दुसरीकडेच."

तीच दर्शना आता प्रयोगशाळेत भीत होती. काही अणुकेंद्रकांत प्रोटॉनांची इतकी दाटी होते, की क्वचित एखादा प्रोटॉन आपणहून बाहेर फेकला जातो. असं एखादं नवं केंद्रक शोधण्यातच तिची पीएचडीची वर्षं चालली होती. कणांचा झोत, म्हणजे बीम, पातळ पत्र्यावर आदळवायचा आणि सुटलेल्या प्रोटॉनांचे ठिपके पडद्यावर उमटतात का, इकडे डोळे लावून बसायचं. परवापासून ठिपके एकाच जागी साचत होते. चिमुकली टेकडी उभी राहिली होती, जणू नवं केंद्रक सापडल्याची खूणच.

"काय डॉक्टरीणबाई, हसणार की नाय? पार्टी दे!" तिचा सहकारी ट्रेव्हर म्हणाला. तो माझगावचा.

दर्शना पडद्याकडेच बघत होती. "बीम बंद करून बघूया का रे?"

"येडी झालीस? केवढी रांग लावून मिळालाय!"

"ही केंद्रकं पापणी लवायच्या आत संपतात. बीम थांबला की टेकडी वाढता कामा नये. वाढली तर..."

त्यांच्या गाईड नॉर्मा मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "कर बंद. धाकधूक मलाही आहे."

बीम थांबला. पडदा स्थिर. ट्रेव्हरने सुटकेचा श्वास सोडला आणि एक ठिपका पडला. त्याच जागी. मग आणखी एक.

आधीच्या कुठल्या तरी प्रयोगातला किरणोत्सारी अंश यंत्राला चिकटून बसला होता; ठिपके त्याचेच होते. नवं केंद्रक नव्हतंच.

चाळीचा जिना चढून ती घरात शिरली. "आई, परवा सांगितलेलं त्या शोधाचं कुणाला बोलली नाहीस ना?"

"बोलले की! सगळ्या मजल्यावर पेढे वाटले."

"खोटं निघालं गं."

मालनबाई थिजल्या. "आता काय, पेढे परत मागू?" मग हळूच, "बंद करून बघितलंस?"

"हो. तरी येतच होतं."

"मग काडी ओढायच्या आधी कळलं म्हणायचं."

तेवढ्यात दारात शेजारच्या बकुळाकाकू उभ्या राहिल्या. हातात नारळ, चेहराभर हसू.

"काकू," दर्शना कशीबशी म्हणाली, "नारळ राहू द्या. आधी आत येऊन बसा."