कादरचाचा आणि कुंभारणीची माती

कादरचाचा बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करत, मग तिच्या तोंडात करंगळी फिरवत, ती बाहेर काढून पाहत आणि गिऱ्हाईकाकडे असं बघत, जणू त्यानं त्यांच्या ताटात थुंकलंय. "घाण करून टाकली लेकाची," हे त्यांचं पहिलं वाक्य. रामराम-सलाम त्यानंतर. बल्लारपुरात त्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. पीक राखायला परवाना मिळालेले गोंडपिपरीकडचे आम्ही शेतकरी तिथंच जायचो. चाचांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन कुठं गेली, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

आमचे लोकही तसलेच. बंदूक उलटी धरून काठीसारखी चिखलात टेकवत बांधावरून चालायचं, घरी आलं की ओल्या सारवणावर तोंड खाली करून कोपऱ्यात उभी करायची, आणि नेम लागला नाही की काडतुसाला शिव्या घालायच्या. लिहितानाही तोंड कडू होतं. चाचा नळीच्या तोंडाला पडलेला पोचा दाखवत मला म्हणायचे, "मागून कितीबी चमकव, देवराव. छर्रा शेवटी इथूनच निंघते. इथीच मार बसला तं सारं बेकार."

एकदा माझ्यासमोर एक ठेकेदार आला. त्याला दोन्ही नळ्यांना घट्ट चोक हवा होता. चोक म्हणजे नळीच्या टोकाशी ठेवलेला अरुंदपणा. घट्ट असला तर छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात, ढिला असला तर जवळच पसरतात.

"डुक्कर किती लांबून येते तुह्या वावरात?" चाचांनी विचारलं.

"वीसेक पावलं."

"मंग घट्ट चोक कोणाले दाखवाले पाह्यजे? वीस पावलावर ढिलाच बरा."

ठेकेदार हसला. म्हणाला, बरं, मग टोकाचे दोन इंच कापून तरी द्या, जीपमध्ये मावत नाही. चाचांनी टोकावर बोट ठेवलं. "चोक त्याच दोन इंचात राह्यते, भाऊ. ते कापलं का नळाचा पाइप उरते." त्यांनी बंदूक पुसून त्याला परत दिली आणि पुसलेलं फडकं त्याच्यादेखत कचऱ्यात टाकलं.

माझ्यावर मात्र त्यांचा जीव होता. "हा एकटाच नळीत पाह्यते," असं ते चारचौघांत सांगायचे. मी फुगायचो. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी माझी परत मिळाली तेव्हा धान लोंबीवर आलं होतं आणि डुकरं रोज बांधी, म्हणजे धानाची खाचरं, उलथत होती. छर्रे कसे पसरतात ते बघायला चाचा बसनं माझ्या वावरात आले. काखेत खाकी कागदाची मोठी गुंडाळी होती. तो कागद बांधावर ताणून त्यावर बार टाकायचा आणि भोकं बघायची, ही त्यांची रीत.

मी बंदूक उघडली, दोन काडतुसं सारली आणि बंद केली.

"नळीत उजेड पाह्यला?"

"पाह्यला."

"आज?"

"आजच, चाचा. तुम्ही पण ना."

मी बघितलं नव्हतं. ठाण्यातून आणली, मचाणाला टांगली, बस. मी बंदूक खांद्याला लावली, तशी त्यांनी तीन बोटांनी माझं मनगट धरलं. बंदूक काढून घेतली, काडतुसं बाहेर काढली आणि नळ्या आभाळाकडे धरल्या. उजवीत उजेड होता. डावीत अंधार. त्यांनी गज घातला, तशी तोंडातून कुंभारीण माशीच्या घराची वाळकी माती पडली, तिच्यात अर्धमेल्या हिरव्या अळ्या वळवळत होत्या. तसाच बार टाकला असता तर नळी माझ्या हातातच फाटली असती. आणि चाचा माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभे होते.

त्यांनी ती माती आणि अळ्या उचलून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"माहे दोन बोटं असेच एकाच्या 'पाह्यलं'वर गेले," ते म्हणाले. "तो येडा होता. त्याले मालूम नोहतं. तुले तं मी शिकवलो."

त्यांनी कागद गुंडाळला. बायकोनं चहा आणला होता, त्याला हात लावला नाही. बसथांब्यापर्यंत मी मागं मागं गेलो, तर म्हणाले, "घाण करून टाकली." या वेळी नजर बंदुकीवर नव्हती.

त्यानंतर मी तीनदा दुकानात गेलो. ते दुसऱ्यांच्या बंदुका बघत राहिले. माझी त्यांनी हातात घेतली नाही. चौथ्यांदा गेलो तेव्हा शटर खाली होतं आणि शेजारचा पानवाला म्हणाला, सकाळीच गेले.

मी मातीला गेलो. सगळे तीन-तीन मुठी माती देत होते, मीही वाकलो. उन्हानं वाळलेली, बारीक, हलकी माती होती. ती तळहातावर आली आणि मी मूठ उघडून आत बघितलं. मागचा माणूस म्हणाला, "टाका ना भाऊ, काऊन थांबले?" मी टाकली. मग नळावर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तरी मला माझीच किळस येत राहिली.