बिबट्यासाठी लावलेला रेडिओ

चार मास्तर एका गाडीत रोज कोंबले की किस्से जमवावे लागत नाहीत, उसाच्या वाळल्या पाचटासारखे ते आपोआप पायाखाली साठतात. त्यात आमची गाडी इलेक्ट्रिक, रस्ता उसातला आणि उसात बिबट्या! श्रीरामपूरहून शाळेला जाणारे आम्ही चौघं. गाडी कदम सरांची, पुढची सीट हेडमास्तर म्हस्के सरांची, मागं गायकवाडबाई आणि मी. बाई वाटेतल्या वस्तीवर राहतात. गाडीची बॅटरी पोटाशी, दगडाला घासायची भीती, त्यामुळे पाटाकडेच्या कच्च्या वाटेनं गाडी जात नाही. बाईंना शेवटचा तुकडा उसातून एकटीनं चालावं लागतं. मी मुळातच भित्रा, पण त्या तुकड्याची धास्ती आम्हा सगळ्यांनाच आहे.

*

गाडी नवी होती तेव्हा कदम सरांना तिच्यापेक्षा तिच्या स्क्रीनचं कौतुक! "एफएम आहे, नेटवरची गाणी आहेत आणि हा बघा, सॅटेलाइट रेडिओ! डोंगरात जा, जंगलात जा, थेट उपग्रहावरून!"

म्हस्के सरांनी लगेच बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली : ही सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही.

"म्हणजे उपग्रह वर आहे," सर म्हणाले, "पण आपल्याकडे बघत नाही. साहेबच म्हणायचा!"

*

बाईंचे शेजारी दगडूनाना बांधावर बसून तंबाखू मळत होते. आमची गाडी पाठीमागून कधी आली, त्यांना कळलंच नाही. कदम सरांनी हॉर्न दिला आणि नाना तंबाखूसकट पाटात!

निथळत वर आले ते बोट नाचवतच. "मास्तर, डिझेलची गाडी आली का बिबट्या आवाजानं उठून जातो. ह्या मुक्या गाडीला तो कशाला उठंल? आमी पानी देताना रेडू लावतो मोठ्यानं. मान्सं बोलत्यात म्हनून तो लांब ऱ्हातो. तुमीबी लावा. न्हाईतर एक दिस मांडीवर येऊन बसंल!"

"कुणाच्या मांडीवर?" म्हस्के सरांनी काच वर घेत विचारलं.

"म्होरं बसनाऱ्याच्या!"

*

एकदा नगरला ट्रेनिंग होतं. परतताना चार्जिंग तळाला गेलं. कदम सरांनी एसी बंद केला, मग रेडिओकडे हात नेला.

"खबरदार!" म्हस्के सर ओरडले. "रेडिओला हात लावायचा नाही!"

"सर, गाडी बंद पडेल हो."

"पडू दे! पण बोलत बोलत पडली पाहिजे!"

एप्रिल महिना, एसी बंद आणि भीतीपोटी काचाही बंद. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, असं निवेदक सांगत होता आणि आमचं होतं नव्हतं ते पाणी सीटवर जमा होत होतं.

*

वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली, त्या आठवड्यातली गोष्ट. एफएम खरखरायला लागलं म्हणून कदम सरांनी नेटवरची गाणी लावली. एक गाणं संपलं आणि पुढं काय लावायचं ते ॲपनं परस्पर ठरवलं. आधी पाऊस पडला, मग पक्षी बोलले. बाई म्हणाल्या, "किती शांत वाटतंय!"

आणि सगळ्या स्पीकरमधून एकदम गुरगुर! माझ्या तर मानेमागूनच आली. कदम सरांनी कचकन ब्रेक दाबला, म्हस्के सरांचे पाय सीटवर, बाईंनी माझा हात धरून "प्रभू येशू, प्रभू येशू" सुरू केलं. स्क्रीनवर कार्यक्रमाचं नाव होतं : निसर्गाच्या कुशीत.

कदम सर बंद करायला गेले तर म्हस्के सर कुजबुजले, "बंद करू नका! आतला बंद केला तर बाहेरचा ऐकू येईल!"

*

शेळीनंतर आम्ही नेमच केला. बाई उतरल्या की गाडी फाट्यावर उभी ठेवायची, मागच्या काचा खाली, रेडिओ फुल. त्यांच्या पडवीतला दिवा लागेपर्यंत हलायचं नाही.

हिवाळ्यात एकदा शाळेतच उशीर झाला, फाट्यावर येईतो दिवस मावळला. "सासूबाई एकट्या आहेत, जायला हवं," म्हणत बाई मोबाईलचा टॉर्च लावून निघाल्या. वळणावर तो उजेड उसाआड गेला आणि इकडे रेडिओ गप्प! स्क्रीन काळी. मग अक्षरं : अपडेट सुरू आहे, कृपया थांबा.

कदम सर स्क्रीन बडवू लागले. रेडिओ नाही, फोनला रेंज नाही. हॉर्न वाजवला, पण हॉर्नला इथले बिबटे कधीच सरावलेत. उसात कुठंतरी पाचट करकरलं. बाईंना हाक मारायचीही हिंमत होईना. ओ आली नाही तर?

एरवी काच बोटभरही न उघडणारे म्हस्के सर छातीपर्यंत बाहेर निघाले आणि वर्गात ओरडावं तसे ओरडले, "एकोणतीस एके एकोणतीस!"

दुसरं काही सुचलं नसावं. आम्हीही धरलं. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी! सातावर आलो आणि गाडं अडलं. एकोणतीस साते... एकोणतीस साते... तिघंही मास्तर, पण एकालाही आठवेना. आमचा आवाज थांबला तशी उसातली करकरही थांबली.

मग उसातून बाईंचा आवाज आला, "दोनशे तीन! सर, थांबू नका... बांधावर बसलाय तो!"

पडवीतला दिवा लागला तेव्हा आम्ही सदतिसाचा पाढा म्हणत होतो. तो आमच्यापैकी कुणालाच येत नाही!