साडूंचे वाचक

आमच्या साडूंना जगातल्या यच्चयावत गोष्टींची माहिती होती. फक्त समोरच्या माणसाला ती हवी आहे की नाही, एवढीच माहिती त्यांना जन्मात कधी मिळाली नाही. सेलूच्या बाजारात त्यांचं डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, असलं सगळं तिथे निघायचं. कुणी पोरीच्या लग्नाचा मजकूर घेऊन आला, की साडू चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "अमेरिकेत एका पोट्ट्यानं नुसत्या बुटाच्या नाड्या इकायची कंपनी काढली, ठाऊक आहे काय?" गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं. मग ती कंपनी कशी निघाली, कशी फुगली आणि कशी बुडाली हे सांगण्यात तास जायचा, आणि त्या नादात पत्रिकेवर वराच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' लागायचं. आजोबा समोर बाकावर बसून तंबाखू मळत असायचे. अशा एका आजोबांनी स्वतःच प्रूफ तपासलं आणि, "दोन महिने थांबले असते तं बरोबरच होतं," असं म्हणून ते 'कै.' आपल्या हाताने खोडलं.

माझी बायको आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, सख्ख्या बहिणी. मी वर्ध्याच्या शाळेत भूगोलाचा मास्तर, राहायला जवळच्याच पिपरी मेघेत. दर रविवारी दुपारी स्कूटरवरून सेलूला जायचं, ताईंच्या हातचं जेवायचं आणि त्याची किंमत म्हणून साडूंचं ऐकून घ्यायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. भर जेवणात ते सांगत, की अमुक देशात मेलेल्या माणसाला पुरत नाहीत की जाळत नाहीत, पेटीत घालून डोंगराच्या कड्याला टांगून ठेवतात. ताई भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "जेवतानी तरी मुर्दे खाली उतरवत जा." साडू हसायचे आणि डोंगरावरून उतरून थेट जपानी यंत्रमानवावर यायचे.

दोन हजार सालच्या आगेमागे सेलूत इंटरनेट आलं आणि आम्हा सगळ्यांचे कान वाचले. साडूंचं ऐकायला आता सबंध जग मिळालं. आधी एक फुकटचं पान, मग तीन-चार वर्षांनी रीतसर ब्लॉग. नाव 'जगाची तऱ्हा'. त्यात नवी यंत्रं, नव्या निघालेल्या आणि बुडालेल्या कंपन्या, आणि कुठकुठल्या मुलखातल्या चमत्कारिक चालीरीती. ब्लॉग म्हणजे काय हे वर्धा जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक होतं तेव्हाची ही गोष्ट. त्यांची लिहिण्याची रीत मात्र छापखान्यातल्या माणसाची होती. आधी पाठकोऱ्या पत्रिकांवर पेनाने लिहायचं. मग पत्रिकेच्याच झोकदार फॉन्टमध्ये कंपोज करायचं. मग प्रिंट काढून लाल पेनाने प्रूफ तपासायचं. सगळं बिनचूक झालं, की दुकानाचा फोन काढून मोडेमला जोडायचा आणि ते कर्कश किंचाळणं सुरू झालं, की हात जोडून उभं राहायचं. प्रत्येक लेखाची शेवटची प्रिंट बॉक्स फाइलमध्ये जायची. पानाच्या तळाशी वाचकांचा आकडा दाखवणारा काउंटर होता. साडू दिवसातून वीस वेळा पान उघडून आकडा पाहत, आणि आकडा रोज वीसने वाढलेला पाहून म्हणत, "लोक वाचून राह्यले, साडभाऊ." हिशेबातली ही गंमत भूगोलाच्या मास्तरालाही कधी सुचली नाही. गावातल्या एका प्राध्यापकांनी ते पान कॉलेजात उघडून पाहिलं आणि भर बाजारात अभिप्राय दिला, "आपल्या डोक्यावरून जाते, पण लेवल आहे." तो आठवडा साडू हवेत होते.

पुढे एका प्रशिक्षणासाठी मी नागपूरला गेलो. सोबतच्या मास्तरांवर छाप पाडावी म्हणून त्यांना सायबर कॅफेत नेलं आणि साडूंचं पान उघडलं. पडद्यावर मराठीचा एक कानामात्रा नव्हता. इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, कंस, सगळं एकात एक कालवलेलं. कॅफेवाल्याने मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "सर, ज्यानं लिहिलं, त्यानं आपल्याच फॉन्टमध्ये लिहिलं आहे. तो फॉन्ट तुमच्या मशीनमध्ये असंल तरच दिसते." हा फॉन्ट नागपूरच्या एका पेंटरने साडूंना हौसेने करून दिलेला, फ्लॉपीवर. म्हणजे 'जगाची तऱ्हा' वाचता येईल असं यंत्र अख्ख्या जगात एकच होतं, आणि ते सेलूच्या दुकानात होतं. ते पान दुसऱ्याच्या यंत्रावर कधी उघडून पाहावं, असं साडूंच्या मनात आलंच नव्हतं. सायबर कॅफेत टवाळ पोरं जातात असं त्यांचं मत होतं.

परत आल्यावर त्यांना सांगायचंच, असं ठरवून मी सेलू गाठलं. दुकान बंद होतं. घरी गेलो तर ताई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या, आणि साडू बाजेवर रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. पायावर सूज होती म्हणून दाखवायला गेलेले, तर दोन्ही मूत्रपिंडं जवळपास गेल्यात जमा असल्याचं निघालं.  मला पाहून साडूंचा चेहरा उजळला आणि म्हणाले, "तुमी नागपूरले गेलते ना? उघडलं काय आपलं? कसं दिसते तिथी?"

मी म्हणालो, "झकास."

या एका शब्दाची लाज मला आजही वाटते. त्या क्षणी मात्र मी स्वतःवर खूष होतो. आजारी माणसाचं मन राखलं, याचा तोरा होता. आणि मी तिथेच थांबलो नाही. वर्ध्याच्या कॅफेत बसून मी त्यांच्या ब्लॉगवर कॉमेंटा टाकायला लागलो, इंग्रजी अक्षरांत मराठी. आधी भुसावळचे एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ जन्माला घातले. मग नांदेडचा एक विद्यार्थी. मग चंद्रपूरच्या एक गृहिणी. लेख मला वाचता येत नव्हतेच. रविवारी त्यांच्या तोंडून विषय कळायचा, त्यावर 'ज्ञानात भर पडली', 'असेच लिहीत राहा' एवढं पुरायचं. साडू प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायचे. चंद्रपूरच्या बाईंवर त्यांचा विशेष लोभ जडला. एकदा ताईंना म्हणाले, चंद्रपूर कितीसं लांब आहे, एकदा जाऊन त्या कुटुंबाला भेटून येऊ. माझी घाबरगुंडी उडाली. मी त्याच संध्याकाळी बाईंच्या यजमानांची बदली आसामला करून टाकली.

असं दोन वर्षं चाललं. या दोन वर्षांत त्यांचा आजार हळूहळू पुढे सरकत होता, पण हात चालत होते, डोकं चालत होतं, दुकानही रडतखडत चालत होतं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं. रक्त यंत्रातून फिरवायला डाव्या हाताच्या दोन नसा जोडून एक जाड नस करून घेतली. त्या हाताने काही करायची बंदी. आणि त्याच उन्हाळ्यात, विजेच्या लपंडावात दुकानातला जुना कॉम्प्युटर जळाला. वर्ध्याहून माणूस आला, नवं यंत्र मांडून, नेट जोडून गेला. फॉन्टची फ्लॉपी घालण्याआधी साडूंनी सवयीने आपलं पान उघडलं.

मला फोन आला. एवढंच म्हणाले, "साडभाऊ, जरा येजा."

मी गेलो तेव्हा ते पडद्यासमोर बसले होते आणि पडद्यावर तीच टिंबं, तेच डॉलर. छापखान्यातल्या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"नागपुरात असंच दिसलं होतं ना?"

"हो."

"भुसावळवाले?"

"मीच."

"नांदेडचा पोरगा?"

"मीच."

त्यांनी नखाने टेबलाचा सनमायका खरवडला. मग म्हणाले, "मंग त्या बाईले आसामले कायले पाठवलं? तिकडं पूर आला तवा मी तीन दिवस पेपर पाहून राह्यलो होतो, तिचं काय झालं म्हनून."

 मी म्हणालो, तुमचं मन दुखू नये म्हणून. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला आयुष्यभर बरं वाटलं असतं. उजव्या हाताने डाव्या हातावरची ती फुगलेली नस चाचपत शांतपणे म्हणाले, "तवा सांगतलं असतं ना साडभाऊ, तं दोन्ही हात होते मले."

तोवर जगात सगळीकडे दिसेल अशी मराठी निघाली होती, युनिकोडची. साडूंनी ठरवलं, सगळं पुन्हा टाइप करायचं. जुन्या फाइली यंत्राबरोबर गेलेल्या. उरल्या होत्या त्या बॉक्स फाइलमधल्या प्रिंटा. अडीचशेच्या वर लेख. नवा कळफलक, त्यातली अक्षरं वेगळ्या जागी, आणि एक हात. ते टाइप करणार आणि मी शेजारी बसून वाचून दाखवणार. हे मी आपणहून मागून घेतलं, दुसरी काही भरपाई मला सुचेना.

आणि अशा रीतीने मी माझ्या साडूंचे लेख आयुष्यात पहिल्यांदा वाचले. सांगायला लाज वाटते, पण ते चांगले होते. तोंडी बोलताना कानाला लागणारी कटकट कागदावर नव्हतीच. एक लेख बुडालेल्या एका परदेशी कंपनीवर होता. कंपनी बंद पडली, माणसं खुर्च्यासुद्धा घेऊन निघून गेली. पण आवारातला म्हातारा माळी वर्षभर रोज येऊन झाडांना पाणी घालत होता. 'कारण त्याला कुणी कळवलंच नव्हतं', असं वाक्य आलं आणि मी तेच पुन्हा मनात वाचायला लागलो. साडू कळफलकावर बोट ठेवून थांबले होते. म्हणाले, "वाचा ना. पुढं पूर्णविराम आहे."

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बसवत नसे, तिसऱ्या दिवशी एखादा लेख व्हायचा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साठ-सत्तर लेख चढले असतील, तेव्हा त्या माळ्याच्या लेखाखाली एक कॉमेंट आली. स्वच्छ देवनागरीत. तळेगाव श्यामजी पंतचे कुणी निवृत्त कंपाउंडर होते, मुलाच्या कॉम्प्युटरवर वाचणारे. लेखातली एक चूक दाखवून त्यांनी विचारलं होतं, त्या माळ्याचं पुढे काय झालं? मी ती मोठ्याने वाचली. साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसले.

"वा. आता चूक बी काढता. सुधारणा आहे."

मी म्हणालो, मी नाही. देवाची शपथ घेतली. पोरीची शपथ घेतली. ते म्हणाले, "पोरीले काऊन मधात घेता? राहू द्या. चांगलं वाटलं मले."

मग मी शेवटचा उपाय केला. त्या कंपाउंडरांना लिहून सगळी हकीकत कळवली आणि हात जोडून बोलावून घेतलं. भला माणूस. तळेगावाहून दोन एसट्या बदलून भर उन्हात आला. पिशवीत संत्री, आणि लेखांच्या प्रिंटा, ओळीओळीखाली पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या. दोन तास बसले, वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली, वाद घातला. साडूंनी त्यांना चहा पाजला, ताईंकडून पोहे करवले, सगळं अगत्याने केलं. पाहुण्यांना एसटीत बसवून मी परतलो, तर म्हणाले, "मास्तर दिसते. तुमच्याच शाळेतले काय? लई मेहनतीनं पाठ केलं बिचाऱ्यानं."

त्यानंतर आणखी कॉमेंटा आल्या. पुण्याहून, जळगावहून, एक तर दुबईहून. प्रत्येक वेळी मी शपथ घ्यायचो आणि प्रत्येक वेळी ते मला शाबासकी द्यायचे. खऱ्याला खरं म्हणून उभं करायला माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. होतं नव्हतं ते मीच चंद्रपूर-भुसावळला खर्चून बसलो होतो.

त्या वर्षीचा पावसाळा सरता सरता साडूंना दवाखान्यात ठेवलं, ते परत आलेच नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी रोज जायचो. एका दुपारी त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "काही आलं काय?" आलं होतं. जळगावच्या एका मुलीने लिहिलं होतं, की तिच्या आजारी वडिलांना ती रोज एक लेख वाचून दाखवते.

मी तिचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "हे बेस लिवलं तुमी."

तोंडाशी आलेली शपथ मी गिळली. म्हणालो, "हो. काल लिहिलं."

"आता वाचून लिवता, ते समजते. पयले नुसतंच ज्ञानात भर पडत होती." त्यांना धाप लागली, थांबले. "सारं वाचलं ना तुमी माह्यं?"

"सगळं वाचलं. फाइलीतलं उरलेलंसुद्धा."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि झोपी गेले.

उरलेले लेख मी एका बोटाने चढवतो आहे. रोज चारदोन माणसं काही ना काही लिहितात, 'सर' म्हणून साडूंना प्रश्न विचारतात, कुणी सेलूचा पत्ता मागतं. आमचे साडू गेले, ते आपल्याला जगात एकच वाचक आहे असं समजून गेले.