शेंगदाण्याचं चीज आणि मामांची म्हैस

दूध आपल्याला सोसत नाही हे माझ्या पोटाला फार आधी कळलं होतं. मला कळायला सांगलीचे डॉक्टर लागले. दूध, दही, पनीर, सगळं बंद, असं ते म्हणाले. इथपर्यंत मी शहाण्यासारखी मान डोलावत होतो. "आणि चीजसुद्धा," म्हणाले, तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. कुपवाडच्या कारखान्यातून सुटल्यावर गाड्यावरचं चीज टोस्ट खाल्ल्याशिवाय माझी मोटरसायकल घराकडे वळतच नसे.

बायको, सुरेखा, म्हणाली की हल्ली बिनदुधाचंही चीज मिळतं. आणलं. टोस्टवर घालून तव्यावर ठेवलं. खाली पावाचा कोळसा झाला, वर चीज जसंच्या तसं. (ते सुरेखानं नंतर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल आजही स्थिर आहे.) मग मीच शेंगदाणे भिजवून वाटले, मीठ-लिंबू घातलं आणि उबेला ठेवून आंबवलं. दोन-चार वेळा फसलं, पण शेवटी असं जमलं की शेजारचे वाटी घेऊन आले. मी इतका फुगलो की सुरेखाला वाटलं, हा पुन्हा दूध प्याला की काय!

खरी अडचण आटपाडीला होती. तिथं माझे सासरे, म्हणजे मामा, म्हशी पाळतात आणि जावई आला की ताज्या दुधाचा तांब्या त्याच्या हातात देतात. त्यांच्या भावकीतल्या एका जावयानं दुधाऐवजी चहा मागितला, तर मामा अजून त्याच्याशी बोलत नाहीत. माझ्याशीही बोलणं बंद झालं तर? म्हणून डॉक्टरकडून आल्यापासून मी तांब्या घेऊन 'जरा वाऱ्याला बसतो' म्हणत गोठ्यामागं जायचो आणि तिथल्या कुत्र्याला पाजायचो. त्या घरात माझ्याबद्दल सगळ्यात जास्त आदर कुत्र्याला होता.

हे किती दिवस चालणार? मी बेत आखला. आटपाडीतच चीज करायचं, सगळ्यांना भाकरीवर खिलवायचं आणि मामांनी वाहवा केली की हळूच सांगायचं, यात दूध नाही आणि मीही दूध सोडलंय. शनिवारी सुरेखाला मागं बसवून, घरून भिजवलेले शेंगदाणे घेऊन गेलो. तिथं वाटले, तिथलंच एक मोठं भांडं घेतलं आणि ऊब चांगली म्हणून फडक्यानं झाकून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं.

सकाळी बघतो तर भांडं म्हशीपुढं, चाटून लख्ख. सासूबाईंना वाटलं, मामांनीच आंबोण भिजवून ठेवलंय, म्हणून त्यांनी ते म्हशीपुढं सरकवलं. (आंबोण म्हणजे धार काढताना म्हशीपुढं ठेवतात ती भिजवलेली पेंड. पेंडही शेंगदाण्याचीच, आंबूस वासही तसाच. मग चूक त्यांची कशी म्हणू?)

मामा भरलेली बादली घेऊन उभे होते. ही म्हैस धारेला हमखास लाथ मारते. आज जागची हलली नव्हती, वर दूधही जास्त दिलं होतं.

"पाव्हणं, आंबोण कुनी भिजवलं हुतं?"

"आवं मामा, ते आंबोण न्हवतं. चीज हुतं. बिनदुधाचं." आता लपवण्यात काय अर्थ होता? "मला दूध सोसत न्हाई. सोडलंय मी."

मामांनी बादली खाली ठेवली. संपलं, मला वाटलं.

"त्ये ठावं हाय," मामा म्हणाले. "कुत्रं उगंच एवढं सुटलंय व्हय? म्या वाट बघत हुतो, पाव्हणं कवा तोंड उघडत्यात."

"मग तांब्या का देत हुता?"

"जावयाचा मान हाय त्यो. प्यायचं का न्हाई, तुमचं तुमी बघा."

मला एकदम भरून आलं. सुरेखा दाराआड हसून हसून बेजार झाली होती. मी डोळे पुसेपर्यंत मामा भांड्याकडं बघत म्हणाले, "पर फुडच्या शनवारी येताना ह्ये जरा जास्ती आना."

तेव्हापासून मी दर शनिवारी शेंगदाण्याचं पोतं मोटरसायकलला बांधून आटपाडीला जातो. कुत्रं आता माझ्याकडं ढुंकूनही बघत नाही. म्हैस मात्र गाडीचा आवाज ऐकूनच रेकायला लागते. जावई लय हुशार हाय, असं मामा गावभर सांगतात. मी चीजला पर्याय शोधायला निघालो होतो. सापडला तो पेंडीला.