नैवेद्याआधीचा तुकडा

नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणाच्या तोंडात घास जायचा नाही, हा आईचा नियम. बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात मी कुत्रा आणला, तेव्हा तिने तो त्यालाही लावला.

नव्वदीचं दशक होतं, मी कॉलेजात होते. रोज सकाळी मी त्याला स्वयंपाकघराच्या दारात बसायला शिकवायचे. बसायचाही बिचारा. पण पोळीचा तुकडा मिळायचा पूजेनंतर. तोवर त्याचा धीर सुटायचा. घंटा वाजली की तो उठून भुंकत घर डोक्यावर घ्यायचा आणि नेमकी तेव्हाच आई पोळी पुढे करायची. विकतच्या बिस्किटाला तर तो तोंडच लावत नसे.

वर राहणारे घरमालक, आमचे अण्णा, या भुंकण्याला विटले. पाडव्यापर्यंत कुत्रा हलवा, नाहीतर घर बघा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी रडून गोंधळ घातला. जिना चढताना ते कन्नडमध्ये म्हणाले, "बसल्यावर त्याला काही मिळत नाही, भुंकल्यावर मिळतं. तो बरोबर शिकलाय."

मला संताप आला, कारण ते खरं होतं. मी आईकडे पूजेआधी एक तुकडा मागितला. ती नाही म्हणाली, मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने गरम पोळीचा तुकडा मोडून पूजेआधीच माझ्या हातावर ठेवला.

मग तो बसला की त्याच क्षणी मी जिभेने 'टक्' करायचे आणि तुकडा द्यायचे. भुंकला तर काही नाही. सुरुवातीला तो जास्तच भुंकला, माझं अवसान गळालं. पण हळूहळू घंटा वाजली तरी तो माझ्या तोंडाकडे बघत बसून राहू लागला.

पाडव्याला सकाळी अण्णा खाली आले. देवापुढे बसलेल्या आईने आधी पुरणपोळीचा तुकडा कुत्र्याला दिला, मग घंटा वाजवली. तो हूं का चूं न करता बसून होता.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "राहू दे त्याला."

इतकं हायसं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकले. अण्णा मात्र दारात घुटमळले. "अक्का, देवाच्या आधी कुत्र्याला?"

"देवाला थांबता येतं," आई म्हणाली. "हा आत्ता कुठे शिकतोय."