समोरचा तेवढा रस्ता

यज्ञेश्वर गावंडेला गावात सायकलवाला गावंडे म्हणत, आणि सुरुवातीला त्या म्हणण्यात थट्टाच होती. राळेगावजवळचं खेडं, घरी कपाशी-तुरीचं शेत, दारात मोटारसायकल उभी, आणि हा चाळिशीचा बाप्या माणूस घट्ट चड्डी चढवून रोज सकाळी सायकलवर कळंबपर्यंत उगाचच जाऊन येई. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या शर्यतीत त्याला पदकं मिळाली होती. पदकांवर नोकरी काही लागली नाही, पण पायांतली खाज गेली नाही.

त्या पायांना काम दिलं पुण्याच्या चारुदत्त सरांनी. थंड मुलखातल्या लोकांना हिवाळ्यात उबदार जागी सायकलवर फिरवून आणायचं, हा त्यांचा धंदा. तिकडे बर्फ पडायला लागला की ही मंडळी इकडे येत. बहुतेक निवृत्त, पिकल्या केसांची, पण पेडल मारण्यात तरण्यांना लाजवणारी. एका शर्यतीत ओळख झाली आणि सरांनी यज्ञेश्वरला केरळच्या किनाऱ्यावर वाटाड्या म्हणून नेलं. मग तो दिवाळी झाली की निघे तो शिवरात्रीच्या सुमारास परते. कापूस वेचणीचं सगळं शोभाच्या अंगावर पडे. शोभा त्याच्या मामाची मुलगी. लहानपणापासून ओळखीचं माणूस, त्यामुळे कुरकुर करी तीही हक्कानं, आणि करीही सगळं.

वाटाड्याचं काम म्हणजे सगळ्यांत पुढं राहणं. चौफुली आली की तो थांबे, डावीकडं बघे, उजवीकडं बघे आणि मग हात वर करी. हात वर गेला की मागचे पाहुणे निघत. ते स्वतः बघत नसत. परक्या देशात कोणत्या बाजूनं काय येईल हे त्यांना कळत नसे, म्हणून ते त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चालत. त्या विश्वासाचं यज्ञेश्वरला फार अप्रूप होतं. गावात त्याच्या शब्दावर कोणी बैल विकत घेतला नसता, आणि इथं सात समुद्रांपलीकडची माणसं त्याच्या बोटावर जीव सोपवत होती.

अशीच काही वर्षं गेल्यावर त्यानं सरांकडे हट्ट धरला, की एक सफर आपल्या जिल्ह्यातही काढू. सर हसले. यवतमाळला बघण्यासारखं आहे काय, असं त्यांनी विचारलं. यज्ञेश्वरनं त्यांना बोलावून टिपेश्वरचं रान दाखवलं, पैनगंगेचा काठ दाखवला, पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या कपाशीतून जाणारे मोकळे रस्ते दाखवले. शेवटी घरी आणून शोभाच्या हातची भाकर आणि वांग्याचं भरीत खाऊ घातलं. सरांनी होकार दिला.

पहिली सफर इतकी छान झाली, की त्या हिवाळ्यानंतर गावातली थट्टा बंद पडली. पाहुण्यांत करेन नावाची डेन्मार्कची एक म्हातारी शिक्षिका होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या गावात पौषात दुपारीच अंधार पडतो आणि मग ती खिडकीशी बसून सकाळची वाट बघते, असं तिनं यज्ञेश्वरला सांगितलं होतं. यवतमाळचं ऊन तिला एवढं मानवलं, की पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. यज्ञेश्वरच्या सुरभीशी तिची गट्टी होती. सुरभी तेरा वर्षांची. शाळेतून मिळालेल्या सायकलवर ती करेनच्या बरोबरीनं राळेगावच्या रस्त्यानं जाई. एकीला इंग्रजी धड येत नसे, दुसरीला मराठी मुळीच नाही. पण दोघींचं हसणं वावरापर्यंत ऐकू येई.

या सगळ्यात एक गोष्ट चालू होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. यज्ञेश्वरचा खांदा दाराच्या चौकटीला लागे. ताटाशेजारचा पेला हटकून लवंडे. पेला इथं कोणी ठेवला म्हणून तो शोभावर चिडे. सफरीत तो पाहुण्यांना दिवस मावळायच्या कितीतरी आधी मुक्कामी पोचवी. सर इतर वाटाड्यांना त्याच्या शिस्तीचा दाखला देत. त्यालाही ती आपली शिस्तच वाटत होती.

करेन दुसऱ्यांदा आली त्या हिवाळ्यात एका सकाळी पाहुणे उमरखेडकडे निघाले होते. ऊन चांगलं वर आलं होतं, रस्ता मोकळा होता. एका लहानशा गावापाशी डावीकडून वाट येऊन मिळते, तिथं यज्ञेश्वर थांबला. नेहमीसारखं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, हात वर केला आणि पुढं झाला. त्याच्या मागं पहिली करेन होती.

त्यानं फक्त आवाज ऐकला. वळून पाहिलं तर करेन रस्त्यात आडवी, तिच्या सायकलवर एक मोटारसायकल पडलेली, आणि दुधाच्या कॅनमधलं दूध डांबरावरून वाहत होतं. मोटारसायकलवाल्या पोराला खरचटलं होतं. करेनचं कमरेचं हाड मोडलं होतं. ती ओरडली नाही. यज्ञेश्वर तिच्या डोक्याखाली हात देऊन बसला, तेव्हा तिनं त्यालाच धीर दिला.

दवाखान्यात चारुदत्त सर पोचले. करेननं त्यांना घडलं ते सांगितलं. तिनं कुणाला दोष दिला नाही. आपण नियम मोडला नव्हता, एवढंच तिला सांगायचं होतं. "मी त्याचा हात पाहिला आणि निघाले," ती म्हणाली.

पण यज्ञेश्वरला खरा तडाखा बसला तो पोलिसांसमोर. दूधवाल्या पोराला विचारलं, की समोर माणसं दिसत असताना थांबला का नाहीस. पोरगा यज्ञेश्वरकडे बोट करून म्हणाला, "हे भाऊ माह्याकडंच पाहून राह्यले होते. मले वाटलं यायले दिसलो मी. थांबवतीन त्या बाईले."

खोटं बोलावं असं त्या पोराच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. यज्ञेश्वरनं डावीकडं पाहिलं होतं हे खरं. आणि तिथं मोटारसायकल नव्हती, हेही त्याच्यापुरतं खरंच होतं.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका यंत्रासमोर बसवलं. आत ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. यज्ञेश्वर वाट बघत बसला. एखाददुसरा ठिपका चमकला, मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं त्यानं सिस्टरला विचारलं, मशीन बंद पडलं का? ती म्हणाली, "नाही काका, दिवे सारखे लागून राह्यले."

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून वाळत आला होता. समोरचं दिसतं, बाजूचं जातं. पाइपातून बघावं तसं. पाइप अजून अरुंद होत जाणार, आणि त्याला औषध नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला रातांधळेपणा होता का?

यज्ञेश्वरला आईचा बाप आठवला, उकंडा आबा. दिवेलागण झाली की आबा खाटेवरून उठत नसत. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं.

"बायको नात्यातली आहे?"

"मामाची पोरगी."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. "मुलं?"

"एक मुलगी आहे."

"तिला घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

यज्ञेश्वरनं घरी आपल्या डोळ्यांचं सांगितलं, पण डॉक्टरांचं शेवटचं वाक्य गिळलं. करेनला विमानानं घरी नेलं. सरांनी जिल्ह्यातली सफर बंद केली आणि उरलेले पाहुणे केरळला वळवले. जाताना त्यांनी एकच विचारलं, "तुला माहीत होतं का रे?" तो नाही म्हणाला. माझा विश्वास आहे, असं सर म्हणाले, पण ते म्हणायला त्यांना जरा वेळ लागला. पुढं यज्ञेश्वर स्वतःलाच विचारत राहिला. माहीत नव्हतं, तर मग संध्याकाळच्या आत मुक्काम गाठायची एवढी घाई कशासाठी होती?

एका तिन्हीसांजेला गोठ्यातून बादली आणायला त्यानं सुरभीला पाठवलं आणि ओट्यावरून बघत बसला. अजून उजेड होता. शोभा त्याच उजेडात डाळ निवडत होती. सुरभी मात्र भिंतीला हात लावून चालली होती. पायानं आधी जमीन चाचपे, मग पाऊल टाकी. बादली पायाला लागली तेव्हाच तिला सापडली. आपण काही वेगळं करतो आहोत, हे पोरीच्या गावीही नव्हतं.

"ते तशीच चालते लहानपणापासून," शोभा म्हणाली. "वेंधळी हाये."

यज्ञेश्वर ओट्यावरून उठला. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

सुरभीही त्या यंत्रासमोर बसली. बटण दाबल्याची टकटक दाराबाहेर ऐकू येत होती. मधेच ती थांबे आणि किती तरी वेळ येत नसे. शोभा पदराचं टोक पिळत उभी होती. पोरीच्या डोळ्यांतही तेच आहे आणि ते आईबाप दोघांकडून आलं आहे, हे डॉक्टरांचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "घरातली पोरगी घरातच राहीन म्हणून आबानंच आपलं लगन जुळवलं होतं." त्यानंतर या विषयावर ती कधी बोलली नाही. रडलीही नाही. भाकरी थापताना मात्र तिचा हात मधेच थांबे आणि तवा जळत राही.

सायकल काढून घेतली तेव्हा सुरभी भांडली. "कायले? मले तं दिसते सारं. समोरचं सारं दिसते."

यज्ञेश्वरलाही सारं दिसतच होतं, अगदी हात वर करेपर्यंत. सायकल शेजारच्या वैष्णवीला दिली. करेनचा निरोप आला, की ती आता वॉकरच्या आधारानं घरातल्या घरात चालते, आणि सुरभीबरोबर सायकलवर कोण जातं? त्यानं तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर पाठवलं नाही.

आता तो रोज सुरभीला शाळेत पोचवतो, पायी. रस्ता ओलांडण्याआधी तिला थांबवून सांगतो, "मान फिरव. नुसते डोळे नोको फिरवू, पुरी मान फिरव. अजून." शिकवण्यासारखं त्याच्यापाशी एवढंच उरलं आहे, आणि तेही किती दिवस पुरेल हे त्याला माहीत नाही. सुरभी चिडून मान फिरवते. कधी फिरवत नाही.

परवा वळणापाशी ती त्याचा हात झटकून निघाली. त्यानं समोर पाहिलं, रस्ता रिकामा होता. डावीकडं मान वळवली, कपाशी. उजवीकडं, बाभळी. सुरभी कुठंच नव्हती. मागून ट्रॅक्टरचा आवाज जवळ येत होता.

"सुरभे," त्यानं हाक मारली.

"इथंच तं हावो, बाबा," आवाज अगदी कुशीजवळून, त्याची नजर पोचत नव्हती तिथून आला, आणि त्यातला राग गेला होता. "तुमी कुठं हा?"